रंगीत स्लाइडसाठीं फिल्म कोणती घ्यावी ?

फोनवर दिवसाकाठीं शेकडों फोटो निघत असतांही कांहीं घरांतील तरुण मंडळी आजोबांचा जुना कॅमेरा कपाटांतून बाहेर काढूं लागली आहेत, हें पाहून आम्हांस कौतुक वाटतें. त्यांतून एखाद्यास रंगीत स्लाइडचा मोह पडला तर तो गैर नव्हे. दिवे मालवून भिंतीवर पाडलेलें चित्र सारें घर एकत्र बसून पाहतें. हातोहात फिरणाऱ्या फोनला ती सर नाहीं. मात्र फिल्म कोणती घ्यावी हा विचार दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरींच झालेला बरा.

साध्या फिल्मवर प्रथम उलटें चित्र उमटतें आणि तें कागदावर छापतांना बरीच दुरुस्ती करतां येते. स्लाइडच्या फिल्मवर उमटतें तेंच अखेरचें चित्र. प्रकाश थोडा अधिक झाला तरी पांढऱ्या धोतराच्या चुण्या नाहींशा होतात, आणि मागाहून त्या कोणासही आणतां येत नाहींत. ज्यांस प्रकाश मोजून घेण्याची संवय नाहीं, त्यांनीं आरंभीं साधी रंगीत फिल्मच वापरावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां निवडीविषयीं. फुजीची 'वेल्विया ५०' ही १९९० सालीं निघाली. तिचे रंग गडद व भरदार. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील श्रावणांतली हिरवळ आणि कान्हेरीचा भिजलेला काळा कातळ तिच्यावर खुलतात. परंतु माणसांचे चेहरे लालसर दिसतात. ती प्रकाशही पुष्कळ मागते. ढगाळ दिवशीं तिपाई हवीच. त्याच कंपनीची 'प्रोविया १००एफ' रंगांच्या बाबतींत संयमी आहे. कोडॅकची 'एक्टाक्रोम ई १००' मध्यंतरीं बंद पडून २०१८ सालीं पुन्हां बाजारांत आली; तिचे रंग स्वच्छ व नैसर्गिक. तेव्हां सहलीसाठीं वेल्विया खुशाल घ्यावी. पण घरांत आजींचें सहस्रचंद्रदर्शन असेल तर उरलेल्या दोहोंपैकीं एक घ्यावी. तो सोहळा पुन्हां व्हावयाचा नसतो.

हे तिन्ही प्रकार दिवसाच्या उजेडासाठीं केलेले आहेत. जुन्या पद्धतीच्या विजेच्या दिव्याखालीं किंवा समईच्या उजेडांत सारें चित्र पिवळट-तांबूस होतें. म्हणून आजींना सकाळच्या वेळीं खिडकीजवळ बसवावें. पैठणीचा खरा रंग तेथेंच साधेल.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, फिल्म धुऊन कोण देणार हें आधीं ठरवावें. कोडॅकची 'कोडाक्रोम' ही १९३५ सालीं निघालेली फिल्म जगभर नांवाजलेली होती. परंतु तिच्यांत रंग भरले जात ते धुतांना, आणि ती क्रिया मोठी किचकट. २००९ सालीं कंपनीनें ती बंद केल्याचें जाहीर केलें. कारखान्यांतून निघालेलें शेवटचें रीळ छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांस मिळालें. त्यांतील ३६ चित्रांपैकीं कांहीं त्यांनीं भारतांत घेतलीं. अमिताभ बच्चन व नंदिता दास यांचीं चित्रें त्यांतच आहेत. २०१० सालीं तें रीळ अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत पार्सन्स गांवीं धुतलें गेलें आणि त्या वर्षाअखेर तेथील काम थांबलें. त्यानंतर ज्यांच्या कपाटांत न धुतलेलीं रिळें राहिलीं, त्यांच्या चित्रांस मूळचा रंग लाभला नाहीं.

वरील तिन्ही प्रकार 'ई-६' नांवाच्या एकाच पद्धतीनें धुतले जातात. ही पद्धत जेथें चालते असा धुणारा प्रथम शोधावा, आणि रीळ देतांना तें नांव स्पष्ट सांगावें. साध्या रंगीत फिल्मच्या रसायनांत तें पडलें तर चित्र उलटें व विचित्र रंगांचें होतें.

आपल्या उपनगरांतील पावसाळी हवा स्लाइडची वैरीण आहे. फिल्मवरील थरावर बुरशी धरते. तयार स्लाइडा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवाव्या. कोरें रीळ फ्रिजमध्यें ठेवावें, व वापरण्यापूर्वीं डबी न उघडतां तास-दोन तास बाहेर राहूं द्यावें, म्हणजे त्यावर दंव धरत नाहीं. शेवटीं प्रत्येक स्लाइडच्या चौकटीवर माणसांचीं नांवें व तारीख लिहावी. रंग टिकविण्याचें काम फिल्म करील; ही कोण, तें नातवंडांस सांगण्याचें काम आपलें आहे.