लिथियमचा शोध : गुलाबी रंगाची साक्ष अपुरी

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जानेवारी २०२५ रोजी १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत १,२०० शोधप्रकल्पांचे उद्दिष्ट भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणापुढे आहे. विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी लागणारे लिथियम या मोहिमेच्या केंद्रस्थानी असल्याने एका दुर्मीळ गुलाबी अभ्रकाकडे लक्ष वेधले जाणे स्वाभाविक आहे. ते म्हणजे लेपिडोलाइट.

लेपिडोलाइट हे लिथियमयुक्त सिलिकेट खनिज. ग्रॅनाइटशी निगडित पेग्माटाइट या भरड स्फटिकांच्या शिरांमध्ये ते आढळते. मात्र त्याची गुलाबी-जांभळी छटा लिथियममुळे नव्हे, तर मुख्यतः अत्यल्प मँगनीजमुळे येते. परिणामी लिथियम नगण्य असलेले साधे अभ्रकही गुलाबी दिसू शकते आणि लिथियमने समृद्ध लेपिडोलाइट करडे वा पांढरेही असू शकते. रंगावर विसंबण्यातला धोका हाच.

प्रत्यक्ष जागेवर काही खनिजे सहज वेगळी काढता येतात. ऱ्होडोनाइट आणि गुलाबी टूर्मलीन कठीण असतात. लेपिडोलाइटची कठिणता अवघी अडीच ते साडेतीन असल्याने चाकूचा ओरखडा त्यावर सहज उमटतो. सह्याद्रीच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत मिळणारे गुलाबी स्टिल्बाइटही मोत्यासारखे चमकते. पण ते ठिसूळ असते, तर लेपिडोलाइटचे पातळ पापुद्रे वाकवून सोडले की पूर्ववत होतात. शिवाय बेसाल्ट हे लेपिडोलाइटचे घरच नव्हे.

खरा पेच अभ्रकांमधलाच आहे. ज्योतीत धरलेला लेपिडोलाइटचा कण फुगून वितळतो आणि ज्योत किरमिजी होते. ही खूण लिथियमचे अस्तित्व सांगते, प्रमाण नव्हे. त्यातच सोडियमची पिवळी छटा तिला झाकू शकते. हाती धरायचे क्ष-किरण यंत्रही येथे थिटे पडते. लिथियमसारखे हलके मूलद्रव्य त्याला टिपता येत नाही. सोबतच्या रुबिडियमवरून केवळ अंदाज बांधता येतो. १८६१ मध्ये बुन्सेन आणि किर्शहॉफ यांना रुबिडियमचा शोध लागला तो लेपिडोलाइटच्याच वर्णपटात. लेसरवर चालणारी नवी उपकरणे लिथियम थेट ओळखतात. तरीही अंतिम निर्वाळा प्रयोगशाळेचाच.

पुढची पायरी साठ्याची. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातल्या मरळगल्ला परिसरात १४,१०० टन लिथियम असल्याचा अंदाज २०२० च्या आरंभी गाजला. अणुखनिज संचालनालयाच्या प्राथमिक पाहणीतून पुढे आलेला अनुमानित साठा मात्र १,६०० टनांचा होता. खनिज ओळखणे, त्यातील धातू मोजणे आणि तो परवडेल अशा खर्चात काढणे या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली साधताच तिसरीची घोषणा झाली, तर परिसरातील जमिनींचे व्यवहार आणि गावकऱ्यांच्या आशा-आशंका यांना निराधार उधाण येते. म्हणूनच प्रत्येक ‘साठ्या’च्या बातमीसोबत शोधाचा टप्पा कोणता, हे सांगण्याचे बंधन यंत्रणांनी आणि माध्यमांनीही पाळले पाहिजे.