समाजमंदिरात कोणी कुठे बसायचे?

कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. त्या पाण्याखाली गावे गेली. गावांबरोबर घरे गेली, शेते गेली, पार आणि चावड्या गेल्या. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली आला. तोवर धरण बांधून, भरून वीजही तयार होत होती. म्हणूनच २०१८ सालीसुद्धा श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांना कोयनानगरला ठिय्या मारून बसावे लागले. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, त्या दलित भूमिहीनांना जमिनीबदली जमीन कुठून मिळणार? हा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही आणि विसरूही देणार नाही.

परंतु आज आम्ही एका वेगळ्या गोष्टीकडे बोट दाखवतो. पुनर्वसित गावठाणातल्या नागरी सुविधांत समाजमंदिर असते. दलित वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतूनही समाजमंदिरे बांधली जातात. ठेकेदाराचे बिल निघते, कोनशिला बसते, नारळ फुटतो. पण आत काय असते? एक लांबोडकी खोली, एकच दार, डोक्याच्या वर दोन खिडक्या, एका टोकाला उंच ओटा. कपाटातली पुस्तके कुलपात, किल्ली पुढाऱ्याच्या खिशात. पावसाळ्यात कोपऱ्यात सिमेंटची पोती. जयंतीला ओट्यावर पाहुण्यांना गादीच्या खुर्च्या, खाली पुरुषांना सतरंजी आणि आमच्या आयाबहिणी दाराबाहेर पायरीवर!

कोणी म्हणेल, आतली सजावट हा श्रीमंतांचा शौक. गरिबाला छप्पर मिळाले हे काय कमी आहे? आम्हाला हे मान्य नाही. कोणी कुठे बसायचे, हाच तर या देशात जातीचा पहिला नियम होता. गावच्या चावडीत ओट्यावर कोण बसायचे आणि खाली उन्हात हात जोडून कोण उभे राहायचे, हे आमच्या आजोबा-पणजोबांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. ती जागाच त्यांना ते शिकवत होती. ओटा, उंबरा आणि पायरी यांनीच माणसांची प्रतवारी लावली. मग आमच्या हक्काच्या वास्तूत तीच चावडी पुन्हा का उभी राहावी?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, संसदीय कामकाजाचे नियम भारताला नवे नाहीत. ते बौद्ध भिक्खू संघात होते. त्या नियमांत ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांच्याबरोबर त्यांनी आसनव्यवस्थेचाही उल्लेख केला. लोकशाहीची सुरुवात बसण्याच्या जागेपासून होते, हे त्या महामानवाने ओळखले होते. कोयनेच्याच वाटेवर, कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. विहाराची रचना पाहा : मधे मोकळे दालन, भोवती सारख्या खोल्या. दगडात कोरलेली ही समता दोन हजार वर्षे टिकली. आणि आमच्या विटा-सिमेंटच्या खोलीत मात्र पाहुण्यांसाठी उंच ओटा!

कोयना खोऱ्यात तर आतल्या मांडणीचा प्रश्न जिवाशीही जोडलेला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. अशा मुलखात शंभर माणसे जमतात त्या खोलीला एकच दार ठेवणे म्हणजे गुन्हा आहे. दोन दारे हवीत आणि ती बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. पुस्तकांची कपाटे भिंतीला पक्की जखडलेली हवीत. डोक्यावर जड वस्तू टांगू नयेत.

दुसरी गोष्ट पावसाची. इथे चार महिने पार आणि अंगण निकामी असते, माणसाला जमायला छपराचीच जागा लागते. पण पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की वक्त्याचा शब्द पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे किंवा लाकडाचे आच्छादन केले तर आवाज बराच दबतो. स्लॅब असेल तर उलटी अडचण. गुळगुळीत गिलाव्यावर आणि फरशीवर आवाज घुमतो, शाहिराचे कवन नुसता गोंगाट होते. भिंतीवर कापड, चटया, पुस्तकांच्या उघड्या मांडण्या असल्या की तो घुमारा मोडतो. हा वाळवा तालुका, वाटेगाव आणि अण्णाभाऊ साठे यांचा शेजार आहे. इथे पोरांना डफ वाजवायला धड जागा नसावी, याची लाज कोणाला वाटायची?

जगात असे घडलेले आहे. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात पिंपे बनवणारा एक जुना कारखाना होता. लीना बो बार्डी या वास्तुशिल्पी बाईने तो पाडला नाही. विटांच्या भिंती तशाच ठेवून आत वाचायची जागा केली, शेकोटी केली, फरशीतून पाण्याचा वळणदार प्रवाह नेला. १९८२ साली ते केंद्र खुले झाले. म्हातारी माणसे, कामगार, पोरेसोरे तिथे विनाकाम येऊन बसू शकतात. संगमरवर लागला नाही; माणूस कसा बसतो, कसा रमतो याचा विचार लागला.

म्हणून आमची मागणी साधी आहे. समाजमंदिराच्या अंदाजपत्रकात आतल्या मांडणीचा खर्च धरला जावा. नकाशा मंजूर करण्याआधी तो वस्तीतल्या महिलांसमोर ठेवला जावा. खिडक्या बसलेल्या माणसाच्या नजरेला येतील एवढ्या खाली असाव्यात. अभ्यासाला दिवा आणि टेबल, लेकुरवाळ्या बाईला आडोसा, म्हाताऱ्याला पाठ टेकायला भिंत असावी.

आणि थोडे आपल्याच माणसांनाही सांगतो. ओटा काढायला सरकारची परवानगी लागत नाही. सतरंजी गोलाकार अंथरायला निधी लागत नाही. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली वस्तीतल्या शिकणाऱ्या मुलीच्या हाती द्यायला कोणत्याही मंत्र्याची शिफारस लागत नाही. येत्या जयंतीला पाहुण्यांच्या खुर्च्या खाली आणा आणि पायरीवर बसलेल्या आयाबहिणींना आत, मधोमध बसवा. बाबासाहेबांच्या प्रतिमेला घातलेल्या हारापेक्षा ते अभिवादन मोठे ठरेल.