मुक्त आज्ञावली आणि परस्वाधीन वाचन

तामिळनाडू शासन दिवंगत लेखकांच्या वारसांना मोबदला देऊन त्यांचे ग्रंथ राष्ट्रीयीकृत करीत आले आहे. अशा पुष्कळ ग्रंथांच्या पृष्ठप्रतिमा चेन्नईच्या तामिळ व्हर्च्युअल अकादमीने तामिळ विकिस्रोतासाठी खुल्या केल्या. प्रतिमांवरून मजकूर उतरविण्याकरिता तेथील कार्यकर्त्यांनी ‘ओसीआर फॉर विकिसोर्स’ ही आज्ञावली सिद्ध केली. तिचा परवाना मुक्त आहे. कोणीही ती वाचावी, बदलावी, वाटावी. परंतु अक्षरे ओळखण्याचे काम ती स्वतः करीत नाही. एकेक पृष्ठ ती गूगल ड्राइव्हकडे पाठविते आणि तेथून आलेला मजकूर विकिस्रोतावर ठेविते. गूगलचे ते यंत्र मात्र कोणालाही उघडून पाहता येत नाही.

या आज्ञावलीला कोणत्या वर्गात बसवावयाचे? ‘डेबियन’ या मुक्त प्रणालीने अशा प्रश्नासाठी ‘कॉन्ट्रिब’ नावाचा निराळा विभाग राखला आहे. स्वतः मुक्त, पण अमुक्त घटकावाचून न चालणाऱ्या आज्ञावल्या त्यात जातात. तथापि हा निकष आपल्या संगणकावर बसविलेल्या घटकांपुरताच आहे. दूरस्थ सेवेवर विसंबणारी आज्ञावली सामान्यतः ‘मेन’ या मुख्य विभागातच राहते. अमुक्त वस्तू घरात असली तर विटाळ, शेजाऱ्याकडे असली तर नाही, असा हा न्याय झाला! वस्तुतः घरातील घटक निदान जपून तरी ठेवता येतो. सेवा रातोरात बदलते, आणि तेच पृष्ठ पुन्हा पाठविल्यास निराळा पाठ हाती येऊ शकतो. अँड्रॉइडच्या आज्ञावल्यांचे ‘एफ-ड्रॉइड’ हे भांडार या बाबतीत अधिक विवेकी वाटते. ते अशा आज्ञावलीला बाहेर काढीत नाही. अमुक्त घटकांवरील आणि अमुक्त जालसेवांवरील अवलंबन अशा दोन वेगळ्या खुणा तिच्यावर करते.

पाठचिकित्सकाला हा भेद परका वाटू नये. पोथीची पुष्पिका लेखनिकाचे नाव, स्थळ आणि शक सांगते, व त्यावरून आपण पाठाचे मोल ठरवितो. विकिस्रोतावरील पृष्ठाच्या इतिहासात तारीख आणि सदस्यनाम मिळते. वाचणाऱ्या यंत्राची आवृत्ती मिळत नाही. मराठीत याचे मोल मोठे आहे. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र यंत्राने चुकविला की दऱ्यांचा समुद्र होतो, आणि ‘दर्या’ही शुद्धच शब्द असल्यामुळे मुद्रितशोधकाची नजर त्यावरून सहज निसटते.

२००५ साली मुक्त झालेले ‘टेसरॅक्ट’ मराठी आणि तामिळ दोन्ही वाचते. गूगलचा पाठ पुष्कळदा अधिक स्वच्छ येतो म्हणून कार्यकर्ते तिकडे वळतात, त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण विद्यापीठांनी अशा पाठांवर शब्दसूची वा भाषासंग्रह उभारताना कोणता पाठ कोणत्या यंत्राने वाचला याची नोंद प्रत्येक ग्रंथागणिक ठेवलीच पाहिजे. टेसरॅक्टला ‘ऱ्या’ चुकत असेल तर शुद्ध केलेली पृष्ठे देऊन ते आपणच पुन्हा शिकवू शकतो. गूगलच्या बाबतीत ती दुरुस्ती केवळ आपल्या प्रतीपुरती उरते.