कुलपाचे चिन्ह पाहून पारख होत नाही

बंगळुरूच्या चिकपेटमध्ये रेशमी साडी घेणारी जाणती गृहिणी दुकानदाराच्या शब्दावर विसंबत नाही. ती पदर उलटून पाहते, सिल्क मार्कची चिठ्ठी शोधते, भाव ऐकते आणि शेजारच्या दुकानात चौकशीला जाते. जवळच्याच ॲव्हेन्यू रोडवर पाठ्यपुस्तके घेणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र संकेतस्थळांची पारख नेमकी उलट शिकवली जाते. पत्त्याजवळ कुलूप आहे का? शेवटी 'डॉट ऑर्ग' आहे का? 'आमच्याविषयी' हे पान आहे का? सारे प्रश्न विक्रेत्यालाच विचारलेले!

कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडचा माणूस भामटा असला, तरी ते दिसतेच. 'डॉट ऑर्ग' कोणालाही विकत मिळते. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे.

सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये 10 इतिहासकार, 10 तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे दाखवली. एक जुनी, मान्यताप्राप्त; दुसरी तिच्यातून 2002 मध्ये फुटलेला छोटा गट. इतिहासकार आणि विद्यार्थी पान बारकाईने वाचत राहिले आणि त्यांतले पुष्कळ फसले. तथ्यतपासनीस क्षणात पान सोडून बाहेर पडले, इतर लोक त्या संघटनेविषयी काय म्हणतात ते पाहू लागले आणि फसले नाहीत.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा म्हणावा, तर विद्यापीठांचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशींवरून हजारो नावे शिरली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यांतली 1009 नियतकालिके तपासली. 88 टक्क्यांहून अधिक निकषांना उतरली नाहीत. हा निष्कर्ष 2018 मध्ये बंगळुरूहूनच निघणाऱ्या 'करंट सायन्स'मध्ये आला आणि त्याच वर्षी आयोगाने 4305 नावे वगळली. त्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना डॉक्टरेट होती, वाचनाची सवय होती. पान सोडून बाहेर बघण्याची सवय तेवढी नव्हती.

पुढे आलेली 'केअर' यादीही आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. यादी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही; यादीच्या कुबडीनेच पारख पांगळी झाली होती. चिंता वेगळी आहे. संपादक मंडळातल्या प्राध्यापकाला पत्र लिहून 'आपण खरोखर या मंडळावर आहात का?' असे विचारायला किती मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्यांना सांगतात? या चौकशीला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

हे शिकवायचे तर प्रात्यक्षिक हवे. सारख्या नावांची दोन नियतकालिके द्यावीत, आंतरजाल खुले ठेवावे आणि गुण द्यावेत ते बाहेरून गोळा केलेल्या पुराव्याला. आज या विषयाचा प्रश्न सुटतो तो पाठ केलेल्या पाच लक्षणांवर, आणि त्या वेळी विद्यार्थ्याचा फोन परीक्षागृहाबाहेर ठेवलेला असतो.