विश्लेषण : शूटिंग रेंजवरच्या शिशातून पिस्तुलाच्या गोळ्या का ओतता येत नाहीत?

अमेरिकेतल्या हौशी पिस्तूल नेमबाजांचा हा जुना उद्योग. रेंजच्या मातीच्या बांधात रुतलेल्या गोळ्या चाळून काढायच्या, वितळवायच्या आणि साच्यात ओतून नव्या करायच्या. त्याचे व्हिडीओ आता कुणाच्याही मोबाइलवर येतात. शिसे जवळपास फुकट, मग आपल्याकडे का नको?

कारण शस्त्र कायदा. 1959 च्या या कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे बारूद न भरलेली नुसती शिशाची गोळीसुद्धा अंगाशी येऊ शकते. विनापरवाना दारूगोळा बनवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षे, कमाल जन्मठेप. 'हौस म्हणून केले' हा बचाव इथे चालणारा नाही आणि ते योग्यच आहे.

पण गोळी ओतायला बंदी असली तरी शिसे साठायचे थांबत नाही. रायगड जिल्ह्यात पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांची 'लक्ष्य' अकादमी आहे, आणि पॅरिसमध्ये 2024 साली स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकल्यापासून राज्यात या खेळाचे आकर्षण आणखी वाढले. एअर पिस्तुलाचा 4.5 मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. रोज 100 छर्रे, वर्षाला 300 दिवस धरले तर एका नेमबाजामागे 15 किलो शिसे. पॉइंट टू-टू बोअरची गोळी तर अडीच ग्रॅमच्या वर जाते.

हे शिसे भंगारात गेले की पुढे काय? ते 327 अंशांवर वितळते, त्यासाठी कारखाना लागत नाही. किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांना शिशाची वजने लागतातच. उघड्यावर, हातमोज्यांशिवाय शिसे ओतणाऱ्याला दुहेरी धोका असतो. कोकणातल्या दमट हवेत भंगाराला पाणी राहिले तर वाफेच्या दाबाने वितळलेले शिसे अंगावर उडते. दुसरा धोका दिसत नाही. हाताला, कपड्याला लागलेली धूळ घरी पोरांपर्यंत जाते. रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या 2020 च्या अहवालात भारतातल्या सुमारे 27.5 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण जास्त असल्याचा अंदाज होता. त्यात बॅटऱ्यांचा वाटा मोठा, रेंजचा नगण्य. तरी रेंजवर सराव करणारी बरीचशी शाळकरी मुलेच असतात, हे विसरता येत नाही.

नियम आहेत. धोकादायक कचरा नियम, 2016 च्या यादीत शिशाचे भंगार आहे. ते परवानगी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवे. काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो, तसाच झाडलेल्या शिशाचाही ठेवायला लावावा. किती किलो निघाले, कुणाला विकले, पावती कुठे? शिशाला भंगारातही किलोवर भाव मिळतो, त्यामुळे क्लबांना हा भुर्दंड नाही. दोन-तीन छोट्या रेंजनी मिळून गाडी बोलावली तरी भागेल. आणि रेंज झाडायला कोरडा झाडू नको, ओले फडकेच हवे.