तलाव म्हणजे हौद नव्हे

लकडगंजात सागाचा एक ओंडका उतरला तरी आधी टीपी बघतात. कोणत्या जंगलातला, कोणत्या डेपोतून निघाला, वनखात्याच्या हातोड्याची निशाणी बसली आहे की नाही, सगळं विचारतात. इथल्या एका आरा मशीनवर हिशेब लिहिण्यात माझी वीसेक वर्षं गेली, त्यामुळे ही चौकशी मला तोंडपाठ आहे. पण तीच माणसं संध्याकाळी मासळीवाल्यापुढे उभी राहिली की प्रश्न एकच, "कसा किलो?" मासा कुठला, कोणी धरला, कोणत्या पाण्यातला, कोणालाच काही पडलेलं नसतं.

आंध्रातल्या तळ्यांत वाढवलेला रोहू-कटला बर्फात बसून नागपुरात येतो. त्याच्याशी माझं भांडण नाही. गरिबाच्या ताटात स्वस्त मासा पडत असेल तर खुशाल पडू द्या. माझं भांडण आहे ते आमच्या झाडीपट्टीतल्या तलावांचंही तसंच तळं करायला निघालेल्यांशी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. या पट्ट्यात जुने तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील त्याला त्याच्याखालची जमीन मिळे. कोहळ्यांनी बांधले, धानाला पाणी दिलं, आणि आम्हा ढिवरांनी त्यात मासे धरले. पुढे मालगुजार आले आणि गेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. आता कागदावर त्यांचं नाव 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव. नाव मामाचं, पण भाच्यांना विचारतो कोण?

या तलावांत मासा कोणी आणून सोडला नव्हता. मरळ, वाम, मागूर, शिंगटी पाण्यातच जन्मत आणि तिथंच वाढत. मरळीचं तर काय सांगावं! पावसाळ्यात काठच्या गवतात घरटं करते. पिल्लं झाली की पाण्यावर तांबूस घोळका फिरताना दिसतो आणि खाली आईबाप राखण करतात. अशा वेळी गळ टाकला तर मरळ हमखास सापडते, कारण पिल्लांजवळ येईल त्याच्यावर ती धावून जाते. माझे वडील तेवढे दिवस गळ गुंडाळून ठेवायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "लेकरवारी आहे, जाऊ दे तिले." याला आज शहरात शाश्वत मासेमारी म्हणतात. आमच्या घरी त्याला नाव नव्हतं.

मग बीज आलं. रोहू, कटला, मिरगल हे नदीचे मासे; साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. 1957 साली कटकला हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं. शोध मोठाच होता, देशाला मासा त्यानं दिला, मी नाकारत नाही. पण तलावावर त्याचा अर्थ असा झाला की बीज दरवर्षी विकत घ्यायचं. सोसायटीकडे पैसा नसला की ठेकेदार उचल देतो, आणि उचल दिली की मासा त्याचा, भावही त्याचा. ढिवर आपल्याच तलावावर मजूर. आमच्या गावच्या सोसायटीच्या यादीत तर बाईचं एकही नाव नव्हतं, आणि डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव विकायला जायच्या त्या बायाच.

त्यावर गवत्या मासा सोडला. तो नावाप्रमाणे पाण्यातली वनस्पती फस्त करतो. वनस्पती गेली की देशी माशानं अंडी घालायची कुठं? काठावर बेशरम माजली ती वेगळीच. आणि वहीत लिहिताना काय मोजतात? किती बीज सोडलं, किती किलो निघालं. घरच्या कालवणात जाणारी मूठभर बारीक मासळी कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून ती नाहीशी झाली तरी वही शाबूत.

"देशी मासा वजनाला भरत नाही," असं मला नेहमी ऐकवतात. बरं, नसेल भरत. पण मरळ जिवंत विकली जाते, तिला रोहूपेक्षा चढा भाव मिळतो, आणि तिच्या बीजाची उधारी नसते. हा हिशेब आमच्या आरा मशीनवरच्या पोरालाही कळेल.

हे होऊ शकतं याचा पुरावा अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्याबरोबरच्या ढिवर मंडळींनी, विशेषतः बायांनी, तलावातली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती ओळखून पुन्हा लावल्या. मासे परतले, त्यांच्यामागे पक्षीही आले. मोठं यंत्र लागलं नाही. कोणती वनस्पती कोणत्या माशाची, हे ढिवरांना ठाऊक होतं. कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

मग मागणी काय? तलाव सोसायटीला द्यायचा तर ठेक्याच्या रकमेवर नको, तलाव राखण्याच्या अटीवर द्या. गवत्या सोडणं थांबवा. यादीत बायांची नावं घाला. पावसाळ्यात विणीच्या दिवसांत जाळं बंद ठेवा आणि तेवढे दिवस घर चालेल इतकी मदत द्या, नाहीतर उपाशी माणसाला नियम सांगू नका.

आणि नागपूरकरांनो, तुम्हीही सुटला नाहीत. आपल्या घरातली घाण नागनदीत जाते, नागनदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा 1988 साली भूमिपूजन झालेल्या गोसीखुर्दच्या धरणात. तिथं जाळं टाकणारा ढिवर आपलंच पाणी उपसतो. महापालिकेला जाब विचारायचा तर त्याच्या वतीनंही विचारा.

बाजारात मासा घेताना तो कोणत्या तलावाचा हे विचारा. गोंदियाकडची बाई टोपली घेऊन बसली असेल तर तिच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि आषाढात अंड्यांनी भरलेली मरळ कोणी कौतुकानं दाखवली तर घेऊ नका, भाव कितीही उतरवला तरी.