फील्ड म्हणजे शेतसुद्धा

इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला विद्युतचुंबकीय क्षेत्रं नावाचा विषय असतो. पोरं त्याला ईएमएफ म्हणतात, आणि म्हणताना घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करतात. तो पास कसा करायचा हे आमच्या कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं. मागच्या पाच वर्षांचे पेपर काढायचे, गॉस, स्टोक्स, पॉइंटिंग यांच्या पुन्हा पुन्हा आलेल्या सिद्धता निवडायच्या, पाठ करायच्या. सीनियर सांगायचे, "समजून कायले घेतं बे, दहा वेळा लिहून काढ ना." फळ्यावरही तेच चालायचं. पुस्तकातली सिद्धता फळ्यावर, फळ्यावरची वहीत, वहीतली पेपरात. मध्ये कुठेही क्षेत्र नाही.

कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हे एका कॉलेजपुरतं नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीत हा विषय असा शिकवणं मला नुसता आळस वाटत नाही. त्याची किंमत इथली माणसं मोजतात. अतिशयोक्ती वाटत असेल तर जरा थांबा.

रोवणीच्या दिवसांत आभाळ भरून येतं. बांधीत गुडघाभर चिखल, धुऱ्यावर मोहाचं झाड, झाडाखाली बैल आणि जरा अंतरावर माणसं. वीज झाडावर पडते. माणूस पुष्कळदा वाचतो, बैल जागीच मरतात. गावात त्याची शंभर कारणं सांगतात. खरं कारण ईएमएफच्या दुसऱ्या युनिटमध्ये आहे, त्याचं नाव ग्रेडियंट.

विजेचा प्रवाह 30,000 अँपिअर धरा, ओल्या मातीची रोधकता 100 ओहम-मीटर. झाडाच्या बुंध्यातून तो प्रवाह जमिनीत अर्धगोलासारखा चहूबाजूंनी पसरतो, आणि बुंध्यापासून जसजसं लांब जावं तसतसं जमिनीचं व्होल्टेज उतरत जातं. बुंध्यापासून 10 मीटरवर बैल झाडाकडे तोंड करून उभा आहे. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर. गणित केलं तर त्या दोन ठिकाणांमधला फरक सुमारे 6,200 व्होल्ट येतो. तिथेच अर्धा मीटर पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत सुमारे 2,300. तोच माणूस पाय जुळवून, उकिडवा बसला, पायांत 10 सेंटिमीटर अंतर राहिलं, तर 500 च्या आत. शिवाय बैलाच्या पुढच्या पायांतून मागच्या पायांत जाणारा प्रवाह छातीतून जातो. माणसाचा बराचसा एका पायातून दुसऱ्या पायात निघून जातो.

हे गणित दहा ओळींचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या पोराला येतं, यायलाच हवं. पण आम्हाला ग्रेडियंट म्हणजे उलटा त्रिकोण आणि तीन आंशिक विकलजं, एवढंच सांगितलं. त्या त्रिकोणाचा आणि आजोबांच्या बैलांचा काही संबंध आहे हे वर्गात कुणी उच्चारलं नाही. पाय जुळवून बसा, झाडापासून लांब व्हा, हे दोन वाक्यांत गावाला पटवून देऊ शकेल असा माणूस तयार करण्याची संधी दर वर्षी साठ वेळा येते आणि साठ वेळा वाया जाते.

तुटून पडलेल्या 11 केव्हीच्या तारेचंही हेच. तारेला हात न लावता, नुसता पडलेल्याला वाचवायला धावणारा माणूसही कोसळतो, कारण धावताना टाकलेली लांब ढांग हाच त्याच्या पायांतला व्होल्टेजचा फरक. तिथून निघायचं तर पाय जमिनीला घासत, अगदी छोट्या पावलांनी. रानडुकरांसाठी कुंपणाला थेट करंट सोडतात, त्यात डुक्कर मरतं, वाघही मरतो, आणि पहाटे पाणी पाहायला निघालेला शेजारीही मरतो. झटका मशीनमध्येही हजारो व्होल्ट असतात, मग त्याने जनावर पळतं आणि घरच्या लाइनीवर जोडलेल्या तारेने मरतं, ते का? कारण मशीनचा ठोका सेकंदाला एकदा आणि क्षणभराचा असतो, घरची लाइन सोडतच नाही. हा फरक समजावून सांगणारे इंजिनीअर आपल्याकडे किती?

आता जरा वर पाहा. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 2,920 मेगावॉटचं. इथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची एचव्हीडीसी लाइन जाते, अधिक-उणे 500 केव्ही, 1,500 मेगावॉट, 1999 पासून चालू. वीज तिकडे जाते आणि राख इकडे राहते, हे भांडण वेगळं, ते मी सोडलेलं नाही. पण ती लाइन डीसी का? 50 हर्ट्झच्या लहरीची लांबी 6,000 किलोमीटर. म्हणजे ही तार त्या लहरीच्या आठव्या हिश्शाएवढी. एवढ्या लांब तारेत एसी सोडला तर तार स्वतःच एक लांबलचक कपॅसिटर होते, आणि तिला भरण्या-उपसण्यातच प्रवाहाचा मोठा वाटा जातो. अख्खं ट्रान्समिशन लाइनचं युनिट आमच्या डोक्यावरून जात होतं, शब्दशः. परीक्षेत मात्र 'लॉसलेस लाइनचा इंपिडन्स सिद्ध करा'.

काही जण म्हणतात, इकडच्या पोरांचं गणित कच्चं, विषय सोपा करा. मला याचा राग येतो. विषय अवघड नाही, अनाथ आहे. फॅराडेला हे गणित येत नव्हतं. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, त्याने चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला आणि रेषा पाहिल्या. मॅक्सवेलने समीकरणं नंतर लिहिली, 1865 च्या निबंधात, तीही वीस. त्यांची आजची चार केली ती मुख्यतः हेविसाइडने, तो टेलिग्राफ ऑपरेटर होता, कॉलेजात गेलेलाच नव्हता. आमचा क्रम उलटा, आधी चार समीकरणं, आणि कीस कधीच नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच जातीच्या लोकांचा: शेवटी सगळे पुण्यात कोडच लिहितात, मॅक्सवेल कुठे लागतो? मला नोकरीत एकदाही लागला नाही, खरंय. पण लायसन्सपासून लाइनमनपर्यंत हे खातं ज्यांच्या हातात जाणार ते याच वर्गातून निघतात. आणि जो पुण्याला गेला त्याचेही आईबाप अजून बांधीतच आहेत.

आपल्या भाषेत हा विषय आधीच घरचा आहे. 'क्षेत्र' हाच शब्द झिजून 'शेत' झाला. तेव्हा पुढच्या उन्हाळी परीक्षेत स्टोक्सच्या प्रमेयाऐवजी हे विचारा: रोवणीच्या बांधीत 11 केव्हीची तार तुटून पडली आहे, 5 मीटरवर एक बाई भाताची पेंढी घेऊन उभी आहे. ती कशी चालत बाहेर येईल, आकृतीसह गणिताने दाखवा. 7 गुण.